रंगाऱ्याच्या खिडकीतली बरणी

थांबा जरा, मी बोलतेय. ह्या खिडकीतली काचेची बरणी. पसरट तोंडाची, झाकण हरवलेली, पोटात सदा गढूळ पाणी. बघणाऱ्याला वाटतं, फेकायची राहून गेली असेल. पण ह्या घरातलं मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं ह्या घरातल्या माणसांनाही नसेल.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळून लालभडक गोळा होतो, साच्यात हवा फुंकतात आणि आम्ही शेकडो बहिणी एका पट्ट्यावरून निवत बाहेर येतो. माझ्यात मध भरला गेला आणि मी दुकानातून एका काकूंच्या फळीवर आले. मध संपल्यावर काकूंनी माझ्यात बटणं ठेवली. काकू मायाळू, पण कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरात भांड्याला भांडं लागलं, हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. सहा वर्षं त्यांच्या फळीवर काढली. तो गुण माझ्यातही उतरला असेल तर दोष माझा नाही.

काकूंच्या शेजारी एक रंगारी राहायचे. भिंती रंगवणारे. सगळी गल्ली त्यांना रंगारीच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकू वहिनी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते. चाळीस वर्षं रंगाऱ्यांनी लोकांची घरं उजळली. स्वतःच्या घराच्या भिंतींना मात्र पोपडे. वहिनींनी टोकलं की म्हणायचे, "घरी आल्यावर तरी ब्रश दाखवू नकोस मला."

मग एक दिवस उंच भिंत रंगवताना पायाखालची परांचीची फळी निसटली. रंगारी पडले, खुब्याचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणात. उठले ते काठी घेऊन, आणि शिडी कायमची सुटली. पडल्या पडल्या त्यांचं एकच काम, छताकडे बघून चुका काढायच्या. "हा कोपरा बघ. कुठल्या गाढवानं रंगवलाय?"

"तुम्हीच," वहिनी आतून म्हणायच्या. "लग्नाच्या वर्षी."

ह्या कटकटीला कंटाळून वहिनींनी शाळेच्या मुलांची असते तशी जलरंगांची पेटी आणली, त्यांच्या पुढ्यात ठेवली, आणि ब्रश धुवायला भांडं हवं म्हणून काकूंचं दार वाजवलं. काकूंनी बटणं वाटीत ओतली आणि मला देऊन टाकलं. देता देता विचारलंही, "रंगारी आता चित्रं काढणार? कसली हो?" अशी मी ह्या खिडकीत आले.

दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर हौशी लोकांना चित्रकला शिकवायचे. रंगारी काठी टेकत जायचे, मी पिशवीत. पहिल्या रविवारी सफरचंद, मग निळी बाटली. मग आभाळ, ते ओल्या कागदावर ओला रंग सोडून करायचं. मग झाडं, दगडी पायऱ्या, पाण्यातलं प्रतिबिंब. शेवटी माणसाचा चेहरा. तिथं मला कागद दिसायचा नाही, पण माझ्या पाण्याचा रंग बघून आज काय चाललंय ते कळायचं. आणि रंगाऱ्यांचं पाणी सगळ्यांच्या आधी चिखल व्हायचं.

कारण एकच. त्यांच्या हाताला कोरी जागा सहन व्हायची नाही. सफरचंदावर उजेडाचा एक ठिपका सोडायचा असतो, तो ते भरून टाकायचे. ढग सोडायचे, तेही भरायचे. वर पुन्हा दुसरा हात मारायचे, भिंतीला मारतात तसा.

मास्तर डोक्याला हात लावायचे. "अहो रंगारी, जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो सोडायचा असतो."

"सोडला तर गिऱ्हाईक बोंब मारतं, मास्तर. राहिलं म्हणतं."

"इथं कुठलं आलंय गिऱ्हाईक?"

सगळे हसायचे. रंगारीही हसायचे, आणि हसता हसता पुढचा ढग बुजवायचे. चेहऱ्यांची तर दैनाच. मास्तरांचं चित्र काढलं, ते वाचनालयाच्या शिपायासारखं दिसलं आणि दोघंही रागावले.

हे असं हसतखेळत चाललं होतं. मग वहिनी दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागल्या. ताटाशेजारी ठेवलेला पेला त्यांना दिसायचा नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बराच उशीर झालाय म्हणाले. नजर कडेनं आत आत मिटत येईल. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. एखादं वर्ष, कदाचित तेवढंही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर दोघं ह्याच खिडकीशी बसले होते. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आता येतंच आहे थोडंफार. मला माझ्या आईचं अंगण काढून द्याल?"

वहिनींची आई दवाखान्याच्या चादरी धुवायची. लांबलचक अंगण, चार दोऱ्या, आणि त्यांवर चादरीच चादरी. वहिनी लहानपणी त्यांच्या मधून पळायच्या. लग्नाआधीच आई गेली, मागोमाग अंगणही गेलं. तिथं आता मोटारी उभ्या राहतात. फोटो एकही नाही. "डोळे मिटायच्या आत एकदा बघायचंय," एवढंच त्या म्हणाल्या.

रंगारी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. मोठ्यातला मोठा कागद आणला. जमीन केली, आभाळ केलं, मागची विटांची भिंत तर इतकी छान केली की विचारू नका, भिंत त्यांच्या हातातलीच. पण करता करता चादरींची जागाही भरून गेली. तेव्हा ह्या माणसानं काय करावं? गॅलरीतून भिंतीला मारायच्या जुन्या डिस्टेंपरचा डबा काढला, पांढरा रंग खरवडला आणि चादरींवर थापला. माझं पाणी दुधासारखं झालं आणि ब्रशचे केस काठीसारखे ताठ.

वहिनींनी कागद तोंडाजवळ धरला. "ह्या चादरी नाहीत हो. ह्या चार भिंती उभ्या केल्यात तुम्ही." कागद वाकला तसे पोपडे पडले, त्यांच्या मांडीवर.

मी कधी त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही रडले नाहीत. मला उचललं आणि मोरीत नेऊन घासलं. इतकं घासलं, की मला वाटलं आज माझे तुकडे होतात.

पुढचे तीन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. रोज एक चादर. कागदावर पेन्सिलीनं चौकोन आखायचा आणि त्याच्या बाहेर बाहेर रंगवायचं. हात आत जायला बघायचा, ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवायचे. हळूहळू माझं पाणी निवळ राहायला लागलं. मास्तर घरी आले, एक कागद उजेडाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, "ही वाऱ्यानं हलतेय, रंगारी." चहा न घेताच गेले.

इकडे वहिनींच्या नजरेची खिडकी बारीक होत होती. त्या चालताना भिंतीला हात लावायच्या. डाळीतले खडे दिसेनात, म्हणून निवडणं रंगाऱ्यांकडे आलं. आम्ही तिघं घाईत होतो, पण घाई हा शब्द कुणी काढत नव्हतं.

मग मोठं चित्र पुरं झालं. चारही दोऱ्या, सगळ्या चादरी कोऱ्या कागदाच्या, लखलखीत. रंगाऱ्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि वहिनींना समोर बसवलं. त्या मान इकडे वळवायच्या, तिकडे वळवायच्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मला एका वेळी एक चादर दिसते. अंगण नाही दिसत."

मागं सरकून बघितलं तर अंगण मावलं, पण धुकट. चित्र मोठं आणि नजर नळीएवढी. भिंतीच्या मापानं काम करणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

रंगारी उठले आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर हात धरला. "कुठपर्यंत दिसतंय? इथं? आणि इथं?" बोटांनी माप घेतलं आणि त्या मापाचा कागद कापला. पोस्टकार्डाहूनही लहान. चार इंची ब्रश मारण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस तीन केसांचा ब्रश घेऊन, श्वास धरून बसला. असे नऊ कागद फुकट गेले. दहावा त्यांनी वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी तो वाचायच्या अंतरावर धरला. मान हलली नाही. मला आतल्या पाण्याचाही आवाज नको वाटत होता.

"दुसऱ्या दोरीचा खांब वाकडा होता," त्या म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना!"

"आत्ता अंगण दिसलं, म्हणून आठवलं." मग म्हणाल्या, "आई कुठंय?"

"मागं आहे, चादरीच्या. चेहरा मला जमत नाही, तुला माहितीये. खाली बघ."

तिसऱ्या चादरीखाली दोन पाय होते. तांदळाच्या दाण्याएवढे. पांढरे.

वहिनी कितीतरी वेळ तिथंच बघत होत्या. "असेच असायचे हो. पाण्यात उभं राहून पांढरेफटक. तुम्ही तर तिला पाहिलंही नव्हतं. कसं कळलं तुम्हाला?"

रंगाऱ्यांनी मान खाजवली. "खरं सांगू का? ते रंगवायचे राहिले."

वहिनी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. रंगारी सवयीनं ब्रशकडे हात न्यायला लागले तसा त्यांनी कागद छातीशी धरला. "खबरदार हात लावाल तर!"

ह्याला दीड वर्ष झालं. वहिनींना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ते चित्र त्यांच्या उशाशी असतं. कडा हाताळून मऊ पडल्यात. रंगारी अजून रविवारी मास्तरांकडे जातात, आल्यावर काय काढलं ते वहिनींना सांगतात. वहिनी चुका काढतात, न बघता.

माझ्या तळाला बारीक तडा गेलाय. खिडकीत ओल दिसते, तेव्हा माझे दिवस भरत आले म्हणायचे. काकू परवा दुसरी बरणी घेऊन आल्या होत्या. मला वाईट वाटलं नाही, तिनंही बघावं जग.

जाता जाता एक सांगते, नसती उठाठेव वाटली तर सोडून द्या. तुमच्या घरातल्या माणसाला काय बघायचं राहिलंय, ते विचारून घ्या. जमेल तसं, वेडंवाकडं का होईना, दाखवा. पहिल्यांदा विचाराल तेव्हा ते म्हणतील, काही नको. तरी लगेच उठू नका. जरा वेळ तिथंच बसून राहा.