कोरी सोडलेली पाणथळ

जप पुरा होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. बावीस वर्षांचा नेम. त्या सकाळी तो मोडला.

माझे धाकटे दीर नगर कार्यालयात नकाशे काढतात. जेवणाच्या टेबलावर त्यांनी आमच्या गल्लीचा नवा नकाशा पसरला होता. गल्लीमागची पाणथळ जुन्या नकाशांत निळ्या रेघांनी दाखवलेली असते. इथं कोरा कागद, आणि त्यावर सहामजली इमारतीची चौकट.

"भाऊजी, पाणथळ कुठंय?"

ते दचकले. "वहिनी, जप झाला?"

"पाणथळ कुठंय?"

"मोजणीच्या दिवशी जमीन कोरडी होती."

"मोजणी भर उन्हाळ्यात केलीत!"

"तारीख साहेबांनी दिली. डबक्यासाठी एवढा राग?"

"त्या डबक्यावरूनच आपलं आडनाव पडलं. चढावरच्यांना चढाचं, खडकापाशी राहणाऱ्यांना खडकाचं, आपल्याला पाणथळीचं. लोकांनी उगाच नाही ठेवलं."

"आडनावानं पाऊस पडतो होय?"

"पडलेला कुठं साठतो ते तर कळतं! भराव घातलात की ते पाणी आपल्या घरात शिरणार. आई तळमजल्यावर अंथरुणाला खिळल्यात. त्यांना उचलायला तुमचे साहेब येणारेत?"

ते खाली बघत म्हणाले, "मी आडनाव बदलायचा अर्ज दिलाय. ऑफिसात बेडूक म्हणतात मला."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ह्या नकाशाखाली तो काढणाऱ्याचं म्हणून ते आडनाव दिसलं असतं, तर कुणीही विचारलं असतं, पाणथळ कुठं गेली? जन्मदात्या आईच्या जिवावर उठायचं, आणि लाज कशाची, तर नावाची!

मी नकाशा गुंडाळला.

"द्या इकडे. दहाला जमा करायचाय."

"मीच करते. हरकतीच्या खिडकीवर."

"वहिनी, नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे."

माझा आवाज एवढा चढतो हे मलाही ठाऊक नव्हतं. आतून सासूबाईंनी घाबरून हाक मारली. त्यांना पाणी दिलं, शेजारच्या मावशींना जवळ बसवलं आणि निघाले. हरकतीचा अर्ज लिहून घेतला होता; वाटेत त्यावर आमच्याच आडनावाच्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या. एकानंही का म्हणून विचारलं नाही. दरवर्षी पायऱ्या त्यांच्याही बुडतात.

खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज उलटसुलट पाहिला. "नकाशा चुकीचा म्हणताय. काढला कुणी?"

मी दिरांचं नाव सांगितलं. आडनावासकट.