मुठीत राहिलेला कोट

मी एक जुना निळा कोट आहे. मित्रांनो, बिडकीनच्या एका घरात दाराआडच्या खुंटीवर मी डुलक्या काढत असतो. वारा आला की माझ्या बाह्या हलतात आणि मला वाटते, आपण कुठेतरी निघालो आहोत.

शहरातल्या गुलमंडीत एका शिंप्याने मला या घरच्या धम्मपाल यांच्या लग्नासाठी शिवले. त्या दिवशी लोक नवरदेवापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते, असे माझे प्रामाणिक मत आहे. पुढे त्यांची मुलगी सुलेखा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा थंडीत त्यांनीच मला तिच्या खांद्यावर घातले. मी तिला चांगलाच सैल होत होतो.

तिला शहरात राहून इंग्रजी शिकायचे होते. धम्मपाल यांनी मात्र तिचे लग्न ठरवून टाकले. एका धुक्याच्या सकाळी ती पिशवी घेऊन एसटीत चढू लागली, तोच त्यांनी मागून माझी कॉलर धरली.

"अप्पा, सोडा," ती म्हणाली.

त्यांनी मूठ आणखी आवळली. मग सुलेखाने हात मागे केले आणि माझ्या बाह्यांतून ती अलगद निघून गेली. गाडी धुक्यात विरघळली. मी बापाच्या मुठीत लोंबत राहिलो, आतून अजून ऊबदार.

मला फार वाईट वाटले. तिने आपल्याला टाकले, हेच मी वर्षानुवर्षे उगाळत बसलो. धम्मपाल मला पुन्हा कधी घालत नसत. हिवाळा आला की उन्हात टाकत, झटकत आणि गुपचूप खुंटीला अडकवत. मुलीचे नाव मात्र काढत नसत.

यंदा तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, हट्टच धरला, म्हणून सुलेखा घरी आली. ती आता शहरात इंग्रजी शिकवते. बाप-लेक एकमेकांकडे बघेनात. तेवढ्यात सुलेखाच्या भावाची मुलगी सोनिया पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसली.

"आत्या, एस्केप म्हंजे काय?"

"निसटणं. लई जुना शब्द हाय. लॅटिनमधी 'एक्स' म्हंजे बाहेर अन् 'काप्पा' म्हंजे अंगावरचा झगा. कुणी मागून धरलं तर झगा त्याच्या हातात राहतो, माणूस निसटून जातो."

मी खडबडून जागा झालो. म्हणजे मी मुठीत राहिलो, म्हणूनच ती जाऊ शकली होती. कुठल्या दूरदेशी लोकांनी माझ्यासारख्याच एखाद्या कपड्यावरून हा शब्द घडवला होता आणि मी इकडे रुसून बसलो होतो.

धम्मपाल दारातच उभे होते. त्यांनी मला खुंटीवरून काढले.

"त्या दिशी हातात नुसता कोटच ऱ्हायला, ते बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "थंडी हाय. घाल."

दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी मला तिच्यामागे उघडून धरले. सुलेखाने त्या सकाळसारखेच हात मागे केले आणि ती माझ्या बाह्यांत शिरली. मी अजूनही तिला सैलच होतो.

मित्रांनो, जुने कपडे फेकू नका, एवढेच मी सांगणार होतो. पण आता आणखी एक सांगतो. आपले माणूस निघाले, तर त्याची कॉलर धरू नका. कोट उघडून धरा आणि उभे राहा.