पुलाच्या चढावर

काझला गाडी घ्यायची होती, आणि कोणती घ्यायची यावरून आमच्या घरात अख्खा उन्हाळा धुमसत होता. डेट्रॉइटच्या पुरुषांना हा झटका एकदा येतोच. माझ्या नवऱ्याला तो कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आला, म्हणजे तसा उशिराच.

एकीकडे शोरूममधली नवी कोरी गाडी. दुसरीकडे त्याच नावाची, पण सत्तर सालची. गॅरेजवाल्या ड्वेन टॅकेटने ती गंजलेल्या सांगाड्यापासून पुन्हा उभी केली होती. अंग जुनं, आत इंजिन नवं, ब्रेक नवे, एसीसुद्धा घातलेला. लग्नाआधी काझकडे अशीच होती. मला थोरलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा त्याने ती विकली. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही, पण रस्त्यात तशी एखादी दिसली की मान वळायचीच.

मला नवी हवी होती. का हवी होती, ते मात्र ओठांवर येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा काझ स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन बाहेर आला. उजव्या पायात स्लिपर होती, डावा पाय उघडा.

"स्लिपर कुठाय?" मी विचारलं.

"पायात," तो म्हणाला. मग खाली बघितलं. "काढली. उकडत होतं."

बाहेर बर्फ पडत होतं आणि स्लिपर फ्रीजपाशी उलटी पडली होती. साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं आहे. त्या पायाचं काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं, पण डॉक्टरचं नाव काढलं की हा भांडायला उठतो. आमची रोजची गाडी ऑटोमॅटिक. तिला डावा पाय लागतच नाही, म्हणून सगळं झाकलं जात होतं. ड्वेनच्या गाडीला क्लच होता.

त्या शनिवारी सकाळी आम्ही नवी चालवून बघितली, तीही ऑटोमॅटिक. मला आवडली. दोन सीटांच्या मधोमध पार्किंग ब्रेकचं बटण होतं, माझा हात सहज पोचेल असं. ते बघूनच माझा जीव भांड्यात पडला.

काझने मात्र नाक मुरडलं. "हिच्या इंजिनाची गुरगुर स्पीकरमधून येते, बर्नी. गाडी आहे की रेडिओ?"

"रेडिओ तर रेडिओ. तुला कुठे शर्यत मारायचीय?"

"तुला नाही कळायचं."

मला सगळं कळत होतं.

दुपारी हेझल पार्कला ड्वेनच्या गॅरेजवर गेलो. गाडी बाहेरच उभी होती, गडद हिरवी. काझने तिच्या छतावरून हात फिरवला. ड्वेन गिऱ्हाइकाबरोबर कधी बसत नाही. त्याचं म्हणणं, मालक शेजारी असला की माणूस खोटं चालवतो. त्याने किल्ली पुढे केली.

"घ्या बॉस. मॅडम, तुम्ही इथे पंख्याखाली बसा ना आरामात."

"मी जाणार," मी म्हटलं.

"अगं, ती काय पळून जाणारेय माझ्याबरोबर?" काझ हसला.

"तिचा भरवसा आहे. तुझा नाही."

सपाट रस्त्यावर झकास चालली. गिअर बदलताना काझ दर वेळी खाली बघून घ्यायचा, पण तोंडावर जे हसू होतं ते मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, घेऊ दे बिचाऱ्याला. काय व्हायचंय?

पुढे रेल्वेवरचा पूल आला. माथ्यावर सिग्नल लाल, आणि चढावर गाड्यांची रांग. आम्ही थांबलो. आरशात बघितलं तर मागे एक मोटरसायकल, आमच्या बंपरला जवळजवळ चिकटूनच. चालवणाऱ्याच्या पाठीला बिलगून एक मुलगी बसली होती, गुलाबी हेल्मेट घातलेली.

सिग्नल हिरवा झाला. काझने ब्रेकवरचा पाय काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जलं आणि गाडी मागे गेली.

"काझ!"

"चाललीय, चाललीय!"

चालली होती, पण मागे. क्लच तळापर्यंत दाबलेला होता आणि त्याला वाटत होतं आपण तो सोडतोय. मागून हॉर्न वाजायला लागला. माझा हात आपोआप मधल्या बटणाकडे गेला. तिथे होतं काय? गिअरचा दांडा. जुन्या गाडीचा पार्किंग ब्रेक पार पलीकडे, ड्रायव्हरच्या दाराशी, पायाने दाबायचा. मोटरसायकलवाला पाय जमिनीला लावून मागे सरकायला बघत होता, पण त्याच्यामागे ट्रक होता.

"डावा पाय उचल! डावा!"

"उचललाय!"

मी त्याच्या मांडीवरून झेप घेतली, डाव्या गुडघ्याखाली हात घातला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पाय वर ओढला. क्लच सुटला, गाडीने जबरदस्त हिसका दिला, इंजिन बंद पडलं. गाडी गिअरमध्ये अडकून उभी राहिली. काझचा उजवा पाय तेवढ्यात ब्रेकवर आदळला.

मागून आरडाओरडा ऐकू आला. "आजोबा, झेपत नसेल तर घरी बसा ना! पोरगी आहे माझी मागे!"

काझ समोर बघत होता. घामाने शर्ट भिजला होता. "उचलला होता मी," तो पुटपुटला.

"खाली बघू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मला सांग, तुझा डावा पाय आत्ता कुठाय?"

"पेडलवर. कुठे असणार?"

त्याची पोटरी माझ्या हातात होती. बूट पेडलापासून चांगला वीतभर वर लटकत होता.

त्याने खाली बघितलं. मग वाकून त्याने दाराजवळचा तो पार्किंग ब्रेक हाताने दाबला, दार उघडलं आणि उतरला. मोटरसायकलवाल्याकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण टोपी हातात होती. मी सरकून स्टिअरिंगपाशी बसले; तो परत येऊन माझ्या जागेवर बसला. कारखान्यात असताना मालट्रक चालवला आहे मी. चढ मला नवा नव्हता. गाडी एका दमात वर गेली.

परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "हिवाळ्याच्याही आधीपासून आहे, बर्नी."

"माहितेय. सोमवारी डॉक्टर. आणि भांडायचं नाही."

गॅरेजवर ड्वेनने मला ड्रायव्हरच्या बाजूने उतरताना बघितलं.

"माझ्या डाव्या पायात जीव नाही," काझने त्याला सरळ सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि तेही परक्यासमोर.

ड्वेन म्हणाला, "ऑटोमॅटिक करून देतो, बॉस. क्लचच काढून टाकू."

"आज डावा आहे," काझ म्हणाला. "उद्या उजवा." मग माझ्याकडे वळला. "तू सांग. तुला कोणती चालवायला आवडेल?"

अख्ख्या उन्हाळ्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या हिरव्या गाडीकडे बघितलं. चढावर ती माझ्या हाताखाली कशी उठली होती, ते अजून तळव्यांत होतं.

"ही," मी म्हटलं. "आहे तशी. क्लचसकट."

काझने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग पुढून वळसा घालून तो ड्रायव्हरशेजारच्या बाजूला गेला, दार उघडून आत बसला. बसल्या बसल्या दोन सीटांमध्ये हाताने चाचपून बघितलं.

"इथे धरायला काही नाही गं."

"माझा गुडघा आहे ना," मी म्हटलं.