प्रज्ञायंत्राचे कान

कोळवणच्या देवळाच्या सभामंडपात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेली होती. गिरणीवाले, वेल्डिंगवाले, नर्सरीवाले, लोणची-पापडाच्या गटातल्या बायका, फार्महाऊसवर दूध-अंडी पोचवणारे, सगळे धंदा बंद ठेवून आले होते. समोर चौरंगावर एक काळी पेटी होती. तिच्यावर निळा दिवा लुकलुकत होता आणि गळ्यात, म्हणजे जिथे गळा असावा असं वाटतं तिथे, झेंडूचा हार होता.

पेटीशेजारी अनिमेषजी उभे होते. पांढराशुभ्र झब्बा, गालाशी चिकटलेला बारीक माईक, आणि मागे फलक : ‘लघुउद्योग एआय जागृती अभियान’. फलकाच्या कोपऱ्यातलं बोधचिन्ह लांबून सरकारी वाटावं इतपत सरकारी होतं.

“मंडळी, हे मशीन नाही, ही प्रज्ञा आहे!” अनिमेषजींचा आवाज घुमला. “ऋषींनी जे तपानं पाहिलं, ते ही डेटानं पाहते. क्वांटम लहरी तुमच्या कपाळावरून तुमचा धंदा वाचतात. तुम्ही फक्त नाव सांगा आणि श्रद्धा ठेवा!”

मंडपाबाहेर एका टेबलामागे मी बसले होते. माझ्याही मागे फलक होता : ‘लहान उद्योगांसाठी एआय सल्ला, मोफत’. मी तृप्ती. सरकारी सल्ला योजनेत कंत्राटावर काम करते. मुळशीतल्या छोट्या धंदेवाल्यांना एआय कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नाही, हे समजावून सांगायचं, हे माझं काम. चार महिन्यांत पाच जणांनी नाव नोंदवलं होतं, त्यातल्या दोघांना मी विमा एजंट वाटले होते. त्यामुळे खरं सांगते, त्या गर्दीकडे बघून मला संशय यायच्या आधी हेवा वाटला.

मी खुर्ची सोडून मंडपाच्या खांबाशी जाऊन उभी राहिले.

पहिला उठला भरे गावचा विलास. त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे.

“भऱ्याचे विलासजी!” अनिमेषजी मोठ्यानं म्हणाले. “गेट आणि ग्रिल बनवणारे विलासजी विचारतात, माझ्या धंद्यात अडचण काय?”

दिवा लुकलुकला. दोन-तीन क्षण गेले. मग पेटीतून खर्जातला, संथ आवाज आला, “विलास, तुझे दोन कारागीर दिवाळीला गावी गेले, ते परतले नाहीत. एक हिरवं गेट माप चुकल्यामुळे परत आलं.”

मंडपात एकच श्वास ओढला गेला. विलासनं हात जोडले. “आयला, गेटाचं तर मी घरीबी बोललो न्हाई!”

नंतर चांगुणाकाकी उठल्या. कोळवणात त्यांची भातगिरणी आहे. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. अनिमेषजींनी त्यांचंही नाव आणि प्रश्न मोठ्यानं सांगितला. पेटी म्हणाली, “चांगुणा, तुझ्या गिरणीचा डावा रबरी रोलर घासला आहे. म्हणून तांदळाची कणी होते.”

पुन्हा टाळ्या. काकींनी पेटीकडे नीट पाहिलं, “बरं” म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तिसरा सोपान. त्याच्याकडे गावरान कोंबड्या, शहरातून शनिवार-रविवारी येणारी गिऱ्हाइकं ठरलेली. तो टाळ्या वाजवायला आला नव्हता, घाबरून आला होता. “दोन दिस झालं, पक्षी माना वाकड्या करत्यात. हिरवं हगत्यात. खात न्हाईत.”

अनिमेषजींनी तेही मोठ्यानं सांगितलं. या वेळी पेटीला वेळ लागला. मग आवाज आला, “घाबरू नकोस. हा ताण आहे. प्रज्ञा-अर्क पाण्यात घाल. सुई टोचू नकोस. तीन दिवसांत पक्षी ठणठणीत.”

प्रज्ञा-अर्काच्या बाटल्या टेबलाखाली तयारच होत्या.

माझ्या हातात टॅबलेट होता. मी सोपाननं सांगितलेली लक्षणं आमच्या योजनेच्या एआय सल्ला-सहायकात टाकली आणि आलेलं उत्तर उभ्या जागी मोठ्यानं वाचलं, “ही लक्षणं मानमोडी या साथीच्या रोगाचीही असू शकतात. मला खात्रीनं सांगता येत नाही. आजारी पक्षी वेगळे ठेवा आणि आजच पशुवैद्यकांना दाखवा.”

अनिमेषजी गोड हसले. “ऐकलंत, मंडळी? सरकारी मशीन म्हणतं, मला माहीत नाही! शेवटी सरकारी काम!”

मंडप हसला. मी तरी सोपानला गाठून डॉक्टरांचा नंबर दिला. त्यानं कागद घेतला, पण नजर बाटलीवर होती.

“म्याडम,” तो म्हणाला, “तुमच्या मशिनला खात्री न्हाई. त्यांच्या मशिनला हाय. मी कुनाचं ऐकू?”

त्याला द्यायला उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. मी गप्प बसले. तो गप्पपणा मला अजून टोचतो.

शुक्रवारी सकाळी चांगुणाकाकी पौडला माझ्या कार्यालयातल्या टेबलापाशी आल्या. “चला,” एवढंच म्हणाल्या आणि मला जीपमध्ये बसवून सोपानच्या शेडवर घेऊन गेल्या.

शेडमागे खड्डा खणला होता. सोपानची बायको त्यात चुना टाकत होती. निम्म्याहून जास्त पक्षी गेले होते. सोपान पायरीवर बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही.

“दिसातनं तीनदा अर्क दिला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “हात जोडून दिला. काल सांजच्याला डॉक्टर आलं. मानमोडीच म्हनलं. लस आधीच द्यायला पायजे व्हती म्हनलं. मी तर लशीची तारीखबी घेतली व्हती... आन पेटी सुई टोचू नको म्हनली म्हनून पुढं ढकलली.”

डॉक्टरांनी उरलेले पक्षी वेगळे करायला लावले होते आणि आजूबाजूच्या घरांतल्या कोंबड्यांना लस द्यायला घेतली होती. आणखी दोन दिवस गेले असते, तर निम्म्या खोऱ्यातली खुराडी रिकामी झाली असती.

परतताना जीपमध्ये काकी म्हणाल्या, “म्याडम, माझ्या गिरणीत रबरी रोलर न्हाईच.”

“म्हणजे?”

“जुना हलर हाय. सासऱ्यांनी घेतलेला. समदा लोखंडाचा. रोलर घासलाय ही थाप मीच मारली व्हती.”

“कुणाला?”

“मागल्या म्हैन्यात एक मानूस आलता. लघुउद्योगाची पाहनी म्हनला, फारम भरून घेतला. अडचनी काय, मानसं किती, अलीकडं काय नुकसान झालं, सगळं खोदून खोदून इचारत व्हता. वर कुनाला सांगू नका म्हनला. फुकट येऊन कुनी एवढी माया दाखवतं का? मला नीट वाटलं न्हाई. म्हनून वायलंच काय तरी सांगितलं. आन सोमवारी पेटी तीच थाप मला परत सांगती!”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“समदे हात जोडून बसल्याले. म्हनलं, आपल्याला काय करायचंय. तवाच बोलले असते तर सोपानचे पक्षी वाचले असते.”

आम्ही दोघीही गप्प बसलो होतो, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. मग मी तो सोमवार मनातल्या मनात पुन्हा उलगडून पाहिला. पाहणीवाला माणूस कळला. पण सोपानच्या कोंबड्या आजारी पडल्या त्या पाहणीनंतर, तरी पेटीनं त्यालाही उत्तर दिलं. म्हणजे कुणीतरी तेव्हाच ऐकत होतं. कुठून? आणि एकदम लक्षात आलं, की अनिमेषजी प्रत्येक प्रश्न स्वतः मोठ्यानं पुन्हा म्हणत होते. लोकांना ऐकू जावं म्हणून, असं मला वाटलं होतं. पण लोकांना तर आधीच ऐकू आलेलं होतं.

रविवारी अभियान भऱ्याच्या शाळेच्या पटांगणात होतं. गर्दी आणखी वाढली होती. सोपानही आला होता, सगळ्यात मागे उभा होता.

काकी उठल्या. “मला पुन्यांदा इचारायचंय, गिरणीचं.”

अनिमेषजी खूश झाले. “कोळवणच्या चांगुणाताई गिरणीबद्दल पुन्हा विचारतात!”

पेटी थोडी रागावल्यासारखी म्हणाली, “चांगुणा, डावा रोलर अजून बदलला नाहीस.”

“विलास,” काकींनी मागे वळून हाक मारली, “मागल्या म्हैन्यात माझ्या मशिनीच्या पायाला तूच वेल्डिंग मारलंस. हाय का तिला रबरी रोलर?”

विलास हळूच उभा राहिला. “न्हाई, काकी. जुना हलर हाय तो. रबर कुटं आलं त्यात?”

पटांगणात कुजबुज उठली. अनिमेषजी एक क्षण अडखळले, पण सराईत माणूस. “प्रज्ञा वर्तमानात अडकत नाही, मंडळी! ती पुढचं पाहते. ताई पुढे नवीन गिरणी घेणार, तिला रोलर असणार, आणि तो घासणार!”

आणि काय सांगू, पुढच्या रांगेतल्या दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या! “पुढचंबी दिसत आसंल बाबा,” असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. माणसानं एकदा हात जोडले की ते सोडवायला त्याला लाज वाटते.

मग मी पुढे गेले. “एक लहानशी विनंती आहे. तुमचा माईक काढून माझ्याकडे द्या आणि इथे शांत बसा. प्रश्न आम्ही थेट पेटीलाच विचारतो.”

“छे छे, लहरींमध्ये अडथळा येईल.”

“लहरी कपाळातनं येत्यात म्हनला व्हता न्हवं?” काकी म्हणाल्या. “कपाळ हितंच हाय की.”

लोक हसले. या वेळी हसणं आमच्या बाजूचं होतं. विलास पुढे आला आणि अदबीनंच म्हणाला, “द्या की, सर. बिघडतंय काय?” आता नाही म्हणायची सोय नव्हती. माईक माझ्या हातात आला. मी बटण दाबून तो बंद केला.

सोपान गर्दीतून वाट काढत आला. पेटीसमोर वाकला आणि साध्या आवाजात विचारलं, “माझे किती पक्षी मेले?”

दिवा लुकलुकला. पेटी गप्प.

“मी सोपान. तू दवा दिलीस मला. किती मेले?”

अनिमेषजी खिशातला फोन चाचपू लागले. आणि मग पेटी बोलली. त्याच खर्जात, त्याच संथ, दैवी आवाजात बोलली :

“दाजी, आवाज येत नाही. माईक बंद पडलाय का? काय सांगू?”

आधी कुणालाच काही कळेना. मग एका म्हातारीला हसू फुटलं आणि त्या हसण्यानं बांध फुटला.

“दाजी कोन?” म्हणत विलास शाळेमागे धावला, त्याच्यामागे निम्मं गाव. तिथे एक पांढरी व्हॅन उभी होती. आत कानाला हेडफोन लावलेला, चाळिशीचा, घामेघूम माणूस. मांडीवर लॅपटॉप, शेजारी पाहणीच्या फॉर्मांची फाईल, चांगुणाकाकींच्या पानावर उघडलेली. अनिमेषजींचा मेहुणा, निषाद.

“ह्योच तो!” काकी म्हणाल्या. “माझ्याकडं च्या पिऊन गेल्याला.”

युक्ती एवढीच होती. आधी गावोगाव फिरून माहिती काढायची. माणसं चार प्रश्नांना उत्तरं देतात आणि महिन्याभरात विसरून जातात. मग कार्यक्रमात अनिमेषजींनी माईकवर नाव आणि प्रश्न म्हणायचा, व्हॅनमधल्या मेहुण्यानं फाईल बघून उत्तर टाईप करायचं, आणि पेटीतल्या स्पीकरनं ते वाचून दाखवायचं. फाईलमध्ये नसेल तर मनाचं ठोकायचं. घाबरलेल्या निषादनं दाजींना फोनवर पाठवायचा निरोप चुकून पेटीच्या रकान्यात टाईप केला होता. पेटीत एआय तर नव्हतंच, साधा कानसुद्धा नव्हता. प्रज्ञा-अर्क म्हणजे गुळाचं पाणी आणि खायचा रंग, हे निषादनंच कबूल केलं.

पौडला तक्रार दिली. पहिली सही सोपानची, दुसरी विलासची. आम्ही दोघी जीपची वाट बघत उभ्या असताना काकींनी माझ्या टॅबलेटकडे बोट दाखवलं.

“आन तुमच्या मशिनीमागं कोन बसलंय?”

हा प्रश्न मला चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “टाईप करणारा कुणी नाही. पण ते बनवलंय माणसांनीच, माणसांनीच लिहिलेल्या ढीगभर मजकुरावर. म्हणून चांगलंही सांगतं आणि चुकतंही. कधी कधी तर खात्रीनं चुकतं. कपाळ वाचत नाही, पुढचं दिसत नाही.”

“मग बघूच,” म्हणून काकींनी त्याला विचारलं, आंबेमोहोर भात गिरणीत घालायच्या आधी किती वाळवावा. उत्तर आलं. काकींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“निम्मं बराबर हाय. निम्मं आमच्या खोऱ्यातल्या हवेत चालायचं न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. “आता कळलं, ह्याच्यावर किती इसंबायचं. गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिवायला चालंल. भाताचं मी बघंन.”

पुढच्या सोमवारी माझ्या टेबलापुढे अकरा माणसं होती, आणि प्रत्येकानं काकींसारखाच आधी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्याला पाठ होतं. मला सांगायला हरकत नाही, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

वाचकहो, चमत्कार आता भगव्या कफनीतच येईल असं नाही. तो निळ्या दिव्यातून येईल, इंग्रजी शब्दांतून येईल, सरकारी वाटणाऱ्या फलकाखाली येईल. तो कुणाच्याही नावानं आला, माझ्या योजनेच्या नावानं आला तरीसुद्धा, एकच विचारा : हे ह्याला कळलं कसं? सोपानला द्यायचं उत्तरही मला आता सापडलंय. ‘मला खात्री नाही, डॉक्टरांना दाखव’ म्हणणारा तुमचं नुकसान करायला सहसा आलेला नसतो. ज्याला सगळ्याचीच खात्री आहे, त्याला मात्र कुठून कळलं ते सांगायला लावा. तो सांगेपर्यंत सही करू नका, अंगठा देऊ नका, आणि मुक्या जिवाला काही पाजू नका.