आठ दिवस न विझलेली शेगडी

जिन्यात बसलेल्या मंडळींपैकी एकालाही हे खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्या खालच्या पायरीवर मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन बसलेले पाहुणे तर आज पहिल्यांदाच आलेत, त्यांनी प्रयत्नसुद्धा करू नये. पण एक लक्षात असू द्या. सांगणाऱ्याची कवळी अशी आहे की खोटं बोललं की आपोआप बाहेर पडते. ती अजून जागेवर आहे, बघून घ्या.

तर चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई. घरातली धाकटी सून. सात वर्षं तिने थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात काढली. जाऊ वाईट नव्हती, पण तिथला डबा न् डबा जावेच्या मर्जीने ठेवलेला. मीठ कुठे आहे हे धाकटीला सातव्या वर्षीही विचारावं लागे. शेवटी इथली दोन खोल्यांची जागा मिळाली. टेम्पोत गाद्या चढत होत्या तेव्हा जाऊ चारचौघांत म्हणाली, “जा बाई, हौसेने जा. आठ दिवसांत गाळणं मागायला येशील.”

ते धाकटीला असं झोंबलं की पैज तिथेच, टेम्पोच्या फळीवर हात आपटून ठरली. बाजाराची फेरी एकच. त्यानंतर आठ दिवस दूध-भाजी दारावर येईल तेवढीच घ्यायची, दुकानाची पायरी चढायची नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. जिंकली तर जावेची मोठी पितळी परात तिची. हरली तर दर रविवारी परत त्याच स्वयंपाकघरात, जावेला विचारून विचारून सगळ्यांचा स्वयंपाक.

आता ही बाई ऑपरेशन थिएटरातली. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत तिने हत्यार हातात ठेवलेलं असायचं. तिने तीच रीत घरात आणली. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, अबोल माणूस. त्याला रिकाम्या ओट्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, “अहो, खोटा खोटा स्वयंपाक करा. तुमचा हात जिथे जाईल ते मी लिहिते.”

बिचाऱ्याने हवेत पातेलं ठेवलं, हवेतच तांदूळ धुतले, उतू जाणाऱ्या दुधावरचं झाकण चटका बसल्यासारखं सोडलं. तिने लिहिलं, सांडशी. कांदा चिरताना तर तो असा रंगला की घळाघळा रडायला लागला. तिने लिहिलं, फडकी, सहा. सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं झालं तेव्हा यादी ओट्यावरून खाली लोळत दारापर्यंत गेली होती.

मग बाजार. चाळणी, किसणी, झारा, लाटणं, बादली, केरसुणी, कपडे वाळत घालायची दोरी. ताटं ती बोटांनी वाजवून घेत होती. झाकण घट्ट बसलं की अशी हसायची की दुकानदार आपणहून पुढचा डबा काढायचा. संध्याकाळी दुकानात दुकानदार आणि त्याचं स्टूल एवढंच उरलं, आणि स्टुलाकडेही ती दोनदा वळून बघून गेली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी फळ्यांवर डबे लागले. मीठ उजव्या हाताला, चहा-साखर डाव्या. ती डोळे मिटायची, हात पुढे करायची आणि हाताला मीठ लागायचं. दहा वेळा तिने तेच केलं, प्रत्येक वेळी नव्याने आनंदून.

एवढ्यात शेगडी बसवणारा आला. त्याने नळी जोडली, जाळ लावून दाखवला आणि बंद करायला हात नेला. तेव्हा कुठे नर्सबाईच्या लक्षात आलं. काडेपेटी! यादीत काडेपेटी नव्हतीच. असणार कशी? नवऱ्याने हवेतलं पातेलं थेट पेटलेल्या शेगडीवरच ठेवलं होतं, आणि थिएटरात ती पाऊल टाकायची तेव्हा दिवे आधीच लागलेले असायचे. काहीतरी पेटवावंही लागतं, हे तिच्या बारा वर्षांच्या नोकरीत कधी आलंच नव्हतं. तिने त्या माणसाचं मनगट धरलं. “राहू द्या,” म्हणाली. “तशीच राहू द्या.”

ती शेगडी मग आठ दिवस विझली नाही. पंखा बंद. शिंक आली तर नवरा गॅलरीत पळायचा. जाळ फुकट कशाला घालवायचा म्हणून अख्ख्या इमारतीला अंघोळीचं पाणी तिच्याकडून. पाचव्या दिवशी खिडकी उघडी राहिली आणि जाळ मोहरीएवढा उरला. दुसरी कुणी रडत बसली असती. हिने नाडी बघतात तसं बर्नरवर बोट ठेवलं, वर्तमानपत्राची सुरळी केली आणि हळूहळू श्वास दिला. तिसऱ्या फुंकरीला जाळ उठून बसला. त्यानंतर ड्यूटीवर जाताना ती त्याच्या उशाशी नवऱ्याला बसवायची, आणि तो दर पंधरा मिनिटांनी रंग लिहून ठेवायचा.

आठव्या दिवशी जाऊ आली. परात सोबत आणली होती, पण काखेत घट्ट धरलेली. तिने एकेक खण उघडला. गाळणं, सांडशी, फडकी, सगळं जागच्या जागी. शेवटी ओट्यापाशी थांबली.

“आणि काडेपेटी कुठेय गं?”

“तिची गरज पडली नाही, जाऊबाई.”

जावेने जाळाकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. मग परात ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “मीठ कुठे ठेवलंयस ते सांग, मी कणीक मळते.” सात वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं होतं. धाकटीने डोळे मिटून डबा काढून दिला.

“आजोबा,” पिशवीवाले पाहुणे खालच्या पायरीवरून म्हणाले, “चौथ्या मजल्यावरची ती शेगडी मीच बसवली. नुसतं बटण फिरवलं की पेटते, काडी लागतच नाही तिला. आणि जरा तोंडाकडे हात न्या, तुमची कवळी हलतेय.”