हिरवा कोट

बार्नबीची बायको सिसिली तापाने गेली आणि त्याच महिन्यात राणीचा शिरच्छेद झाला. सिसिली राणीची मामेबहीण. बार्नबीने शोकाचा काळा कोट चढवला होता तो बायकोसाठी. पण आता तो काळा रंग दिसला की राणीचाच शोक समजून राजवाड्यातले लोक बाजूला सरकत. राणीचे नातलग एकेक करून किल्ल्यात कोंडले जात होते. आणि आज राजाच्या नव्या लग्नाची मेजवानी होती.

बार्नबीची मुलगी फिलिपा नव्या राणीच्या तैनातीत होती. सकाळी तीच हिरवा मखमली कोट घेऊन आली. बार्नबी म्हणाला, महिना भरल्यावरची तिची प्रार्थना अजून व्हायची आहे, तोवर काळा उतरवणार नाही. तुझी आई होती ती. फिलिपाने कोट त्याच्यापुढे धरला.

"बाबा, कोणासाठी घातलाय ते तुम्हाला ठाऊक. राजाची माणसं विचारत बसणार नाहीत," ती म्हणाली. "आणि तुमच्यानंतर माझीच पाळी."

त्याने कोट बदलला. बटणं तिने लावली.

मेजवानीत सर ऑस्वल्डने त्याला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. राणीच्या नातलगांची चौकशी याच माणसाकडे होती. त्याने बार्नबीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगदी लग्नाळू दिसताय की! आज बार कोणाचा उडालाय, महाराजांचा की तुमचा?"

आसपासचे हसले. बार्नबीही हसला.

"पण बायको जाऊन महिना नाही झाला, आणि एवढी घाई? कसली भीती वाटली, बार्नबी?"

फिलिपा सुरई घेऊन मागेच उभी होती. भीती कबूल केली, तर कशाची ते सांगावं लागणार होतं.

"भीती कसली?" तो म्हणाला. "दुःखच नव्हतं. घरच्यांनी गळ्यात बांधली होती. संसार केला, जिव्हाळा कधी लागलाच नाही."

ऑस्वल्ड क्षणभर बघत राहिला. मग त्याने बार्नबीच्या पाठीवर थाप मारली आणि हंसाच्या मांसाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

फिलिपाने ऑस्वल्डचा पेला भरला. मग बापाचा भरला. तिने मान वर केली नाही. तो खोटं बोलला हे तिला कळलं असेल का, ते त्याला तिथे विचारता येणार नव्हतं. ऑस्वल्डची नजर अजून त्याच्या ताटावर होती. बार्नबीने सुरी उचलली आणि तो खायला लागला.