अजून चार मिनिटं आहेत

सरांनी शाळेचं वेळापत्रक तीस वर्षं बसवलं. बत्तीस शिक्षक, अठरा वर्ग, एकच प्रयोगशाळा. पण दोन तास एकमेकांवर आदळलेत असं कधी झालं नाही. आपल्या डोक्याचा त्यांना भारी अभिमान. तेच डोकं आज दोन बर्नरपुढे चालेनासं झालं होतं.

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तिची थोरली बहीण बारा वाजता तिला न्यायला येणार होती, दीड महिन्यासाठी. "त्यांना साधा चहा जमत नाही, तुला काय सांभाळणार?" असं ती फोनवर म्हणाली होती आणि फोन नेमका स्पीकरवर होता. बायकोशिवायचं घर सरांना नको होतं. पण 'जाऊ नकोस' एवढे दोन शब्द काही तोंडातून फुटेनात. त्याऐवजी त्यांनी स्वयंपाकाचं वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं.

ते करताना त्यांना प्रथमच दिसलं, की सकाळी सहापासून बायकोचे सलग अकरा तास भरतात. शाळेत त्यांनी कुणालाही सलग तीनच्या वर दिले नव्हते. त्यांना लाज वाटली. पण लाजत बसायलाही आज सवड नव्हती.

"अहो, भाजी लागली," बाहेरच्या खोलीतून बायको म्हणाली.

सरांनी घड्याळ पाहिलं. "अजून चार मिनिटं आहेत!"

"तिला सांगा तसं."

झाकण उचललं तर तळाशी कोळसा. तेवढ्यात पलीकडे दूध उतू गेलं. सर फडकं शोधत गरागरा फिरले, फडकं त्यांच्याच खांद्यावर होतं.

"तुला तिथे बसून कसं कळतं?" ते वैतागून दारात आले.

"आवाज बदलतो. तुम्ही घड्याळ बघता, मी ऐकते."

"मग आधी सांगायचंस!"

"तीस वर्षांत विचारलंत कधी?"

सर भात चढवायला गेले.

बहीण पावणेबारालाच हजर. दारातच तिने नाक मुरडलं, काही न विचारता बायकोची भरून ठेवलेली पिशवी उचलली. "चल, गाडी खाली उभी आहे."



बायको जागची हलली नाही. "अहो, भात झाला का?"

वेळापत्रकाप्रमाणे भात पाच मिनिटांपूर्वीच झाला होता. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. पातेल्याशी वाकून कान दिला. बहीण बघतच राहिली.

"नाही," ते म्हणाले. "अजून बुडबुडतोय. आवाज बदलला की सांगतो." मग तसंच वाकून, पातेल्याकडेच बघत म्हणाले, "आणि तू जाऊ नकोस."



"ताई, ती पिशवी खाली ठेव," बायको म्हणाली. "आणि जेवूनच जा. भाजीचं नाव मात्र काढू नकोस."